तासणीची धार आणि मजुरीचा हिशेब

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘कुंभारकामातील तासणीची निगा’ असे लिहून पाठविले. त्यावर त्यांचा निरोप आला की, विषय दुसऱ्याच कुणाचा चुकून तर आला नाही ना? कामगार चळवळीतल्या माणसाने महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर कायद्यावर बोलावे, अशी रीत पडून गेली आहे. ती आम्हांस मान्य आहे; पण हत्याराची धार हा आमच्या मते मजुरीचाच विषय होय, आणि तो कसा हे सांगण्यासाठीच आम्ही हा तास मागून घेतला.

आम्ही कुंभार नाही हे आधीच सांगितलेले बरे. आमची आई संगमनेरास बिड्या वळीत असे. आठवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण नगरपालिकेच्या वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकापुढे झाले. आईपाशी पान कातरण्याची एक कात्री होती. तेंदूचे पान भिजवून मऊ केल्याशिवाय कात्री नीट चालत नाही, आणि कात्री बोथट असली तर भिजविलेले पानही फाटते. पान फाटले म्हणजे बिडी वाकडी, वाकडी बिडी म्हणजे छाट, आणि छाटीला पैसा नाही. कात्रीला धार लावून आणायची ती आईनेच, आईच्या पैशाने, आईच्या वेळात. तेव्हा हे सारे आम्हांस निसर्गनियमाप्रमाणे वाटे.

मातीकामाशी तर आपल्या जिल्ह्याचे नाते फार जुने आहे. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे हे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव या संशोधकांनी उत्खनन केले. जी भांडी निघाली ती एका अख्ख्या संस्कृतीला ‘जोर्वे’ हे नाव देऊन गेली. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० हा त्यांचा काळ. पुढे नेवासे येथे आणि श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादलाही त्याच जातीची भांडी सापडली. बारीक गाळलेली माती, चाकावर घडविलेला पातळ घाट, लाल अंगावर काळी रेघ. आणि भाजणी अशी की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज यावा. २०२४ साली ज्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, त्याच्या मातीत तीन हजार वर्षांपूर्वी असे हात होते, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता एक गंमत अशी की, आपल्या गावच्या कुंभाराला तासणी फारशी लागतच नाही. तो चाकावर घाट काढतो, दोऱ्याने बूड कापून भांडे खाली उतरवतो आणि थोडे सुकू देतो. मग आतून गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकीत ठोकीत बूड वाढवतो, गोल करतो, पातळ करतो. जाड राहिलेली माती काढून टाकायची नाही, पसरवून द्यायची, ही त्याची रीत. म्हणून माठाला बूड गोल असते आणि वाळूत किंवा तिवईवर ठेवावा लागतो. ते थापटणे आपणा सर्वांना गोरोबाकाकांच्या कथेतून ठाऊक आहे. संतांच्या डोक्यांवर मारून कोण कच्चा, कोण पक्का हे त्यांनी पाहिले अशी आख्यायिका आहे.

तासणी लागते ती सपाट बुडाच्या भांड्याला. कप, बशी, वाडगा, फुलदाणी यांचे बूड चाकावरून उतरताना जाड राहते. अंग पातळ आणि बूड जाड राहिले तर दोन्ही सारख्या वेगाने सुकत नाहीत आणि भांडे तडकते. तडकले नाही तरी उगाच जड होते. म्हणून ते अर्धवट सुकल्यावर चाकावर पालथे ठेवतात, बरोबर मध्यावर आणून भोवती मातीचे गोळे लावून पक्के करतात, आणि चाक फिरत असता पोलादी पात्याने बुडाची जादा माती तासून काढतात. बैठकीची गोल कडा तेव्हाच उठते. हत्यार म्हणाल तर अगदी साधे: एक लाकडी मूठ आणि तिच्या टोकाला पोलादाच्या पातळ पट्टीची वळवून केलेली कडी, किंवा टोक काटकोनात वळविलेले सरळ पाते. कारखान्यागणिक नाव निराळे ऐकू येते. येथे आम्ही तासणी म्हणू.

माती तासायला तयार झाली हे कसे ओळखावे? बोटाने दाबून खड्डा पडू नये, पण नख लावले तर सोलून यावी. अशा मातीवर चांगली धार लावली की उसाच्या सालासारखी लांब फीत निघते. ती ओलीच असते; गोळा करून पाण्यात टाकली की पुन्हा माती तयार. बोथट हत्यार लावले तर फीत निघत नाही. माती ओरबाडली जाते, कण निघतात, पात्याला चिकटतात. अंगावर बारीक लाटा उठतात, कारण हात दाब वाढवतो आणि पाते थरथरते. (लाटा ढिल्या मुठीनेही उठतात, आणि मातीत खडा असला तरीही. आधी मूठ पाहावी, मग धार, आणि शेवटी कारागिराला बोलावे. आम्ही पाहिलेले मुकादम नेमका उलटा क्रम पाळीत.)

पोलादाला माती काय करणार, असे ऐकणाऱ्याला वाटेल. पण मातीत वाळूचे, गारगोटीचे कण असतात आणि ते साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. भांडे फिरते तेव्हा धार एका अर्थी सहाणेवरच चाललेली असते. भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेली खरबरीत माती तर एका पाळीत धार खाऊन टाकते.

धार पाजवण्याचे काम अवघड नाही, फक्त रोजचे आहे. पाते ज्या बाजूने उतरते घासलेले असेल त्याच बाजूने घासावे. दुसऱ्या बाजूने घासणाऱ्याचे पाते दोन्हीकडून गोल होते आणि मग कितीही घासा, कापत नाही. मूळचा कोन सोडू नये. सरळ पात्याला चपटी कानस, कडीच्या आतल्या अंगाला गोल कानस. घासून झाले की पलीकडच्या कडेला बोटाला लागेल न लागेल अशी बारीक पापडी उभी राहते. ती बारीक दगडाने हलके निपटून काढावी, नाही तर पहिल्याच भांड्यावर ती मुडपते आणि धार गेल्यासारखी वाटते. संध्याकाळी हत्यार पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवण्याची खोड फार ठिकाणी आहे. ती मोडावी. पाते गंजते ते गंजतेच, पण मुठीचे लाकूड फुगते, सुकते, पुन्हा फुगते आणि कडी खिळखिळी होते. पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवून ठेवले की पुरे.

हत्यार सुधारायचे म्हणजे नवे विकतच घ्यायचे असे नाही. बाजारी तासण्यांत पुष्कळदा नरम लोखंडाची पट्टी असते. तिला धार येते, टिकत नाही. नरम लोखंडात कार्बन थोडा, म्हणून तापवून बुडविले तरी ते कठीण होत नाही. पट्टी कोणत्या जातीची हे ग्राइंडरच्या चाकाला लावून कळते: नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्या जवळच फुटून फुलबाजीसारखी फुले होतात. जुने हॅक्सॉचे पाते ही गरिबाची उत्तम तासणी. मात्र हल्लीच्या पुष्कळ पात्यांत दात्यांची कडाच तेवढी कठीण पोलादाची असते आणि पाठ लवचीक असते. असे पाते घेऊन दाते घासून टाकले तर त्यातले कठीण तेवढे आपण हाताने फेकून दिले असे होते.

साध्या कार्बन पोलादाचे टोक वळवायचे तर लाल करून वळवावे, नाही तर काडीसारखे मोडेल. वळविल्यावर पाणी द्यावे लागते. पुन्हा लाल करावे. चुंबक चिकटेनासे झाले की आणखी किंचित तापवून तेलात बुडवावे. आता ते काचेसारखे कठीण आणि काचेसारखेच ठिसूळ असते. घासून चकचकीत करून मंद आचेवर धरावे. गवताच्या वाळल्या काडीसारखा पिवळा रंग चढला की थांबावे. निळा होऊ दिला तर तासणीच्या कामाला धार मऊ पडते. ग्राइंडरवर घाईने घासणारे नेमके हेच करतात. टोक निळे पडते आणि दिलेले पाणी उतरते. गावचा लोहार किंवा घिसाडी हे काम पाहता पाहता करून देतो. त्याचा हात पाहायला मिळाला तर पुस्तक नको.

याच्या वरची पायरी टंगस्टन कार्बाइडची. त्याची धार पोलादाच्या कितीतरी पट टिकते. पण ते फरशीवर पडले तर टवका उडतो, साधी कानस त्याला लागत नाही, हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो, आणि किंमतही भारी. स्वतःचे दुकान, स्वतःचे हत्यार असेल त्याने जरूर घ्यावे. जेथे एक हत्यार चार हातांत फिरते आणि खाली दगडी फरशी आहे, तेथे आम्ही पोलादी पाते आणि जवळ एक चांगला दगड यांचाच कौल देऊ. विशेषतः मोडलेल्या हत्याराचे पैसे पगारातून कापण्याची जेथे वहिवाट आहे तेथे. केंद्र सरकारने २०२३ साली विश्वकर्मा योजना काढली तेव्हा तिच्या अठरा धंद्यांत कुंभार धरला आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठेवली. चांगले झाले. पण हत्यार एकदा मिळते आणि धार रोज जाते.

ती गेली की काय होते ते आम्ही जिल्ह्याबाहेरच्या एका लहान कारखान्यात पाहिले. कपांचे बूड तासणाऱ्या बाया नगावर मजुरी घेत. धार लावायला उठले तर तेवढे नग बुडत, म्हणून कुणी उठत नसे. बोथट पात्याने ओली माती ओरबाडते, म्हणून त्यांनी माल जास्त सुकू द्यायला सुरुवात केली. सुकलेली माती बोथट पात्यानेही खरवडता येते. पण तिची फीत निघत नाही, भुकटी निघते. ती पदरावर, केसांवर, पायांखाली. संध्याकाळी कोरड्या झाडूने झाडलोट होई आणि सगळी पुन्हा हवेत जाई.

या भुकटीत सिलिका असते. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात आणि घशात पुष्कळशी अडते; जी दिसत नाही ती फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तेथे व्रण धरतात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि त्या छातीत क्षय लवकर शिरतो. तोंडाला बांधलेल्या पदराने ती बारीक धूळ थांबत नाही. इंग्लंडात स्टॅफर्डशायरच्या कुंभारांत हा रोग इतका होता की धंद्याच्याच नावाने तो ओळखला जाई. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने तो सरकारला कळविलाच पाहिजे अशा रोगांच्या यादीत घातला होता. पण पाच-दहा माणसांच्या कारखान्यात कळवणार कोण? बाई खोकते, गावी जाते, दुसरी येते.

त्याच स्टॅफर्डशायरात एकोणिसाव्या शतकात आणखी एक रीत होती. भांडे घडविणाऱ्याला पैसे मिळत ते भट्टीतून चांगले निघेल त्याचेच. माती मालकाची, भट्टी मालकाची, जाळ घालणारा दुसराच, पण तडा गेला तर बुडे घडविणाऱ्याची मजुरी. तेथल्या कामगारांचे तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षे भांडण चालले. हे आम्ही वाचनालयात प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि आईची छाट आठवली.

त्या लहान कारखान्यात आम्ही मोठी मागणी घातली नाही. पाळीच्या आरंभी पंधरा मिनिटे धारेसाठी, आणि ती मजुरीत धरलेली. कानस व दगड मालकाचे. झाडलोट ओल्या फडक्याने. मालक म्हणाले, पंधरा मिनिटांत किती कप होतात ठाऊक आहे का? त्यावर तासणाऱ्या बायांपैकी सर्वांत वयस्क मावशींनी एक कप मागवला आणि आपल्या नेहमीच्या पात्याने तासला. मग आम्ही बरोबर नेलेले, रात्री पाजवून ठेवलेले पाते घेऊन दुसरा तासला. दुसऱ्या कपाची फीत चाकावरून लोंबत खाली आली. मालकांनी ती बोटावर गुंडाळून पाहिली आणि ‘दगड कुठे मिळतो?’ म्हणून विचारले.

दगड आला. पंधरा मिनिटांच्या मजुरीचे भांडण मात्र पुढे आठ महिने चालले, आणि शेवटी दहा मिनिटांवर मिटले. नळाजवळच्या कोनाड्यात तो दगड ठेवीत, आणि तो कुणी हलवू नये म्हणून मावशींनी त्याला हळदकुंकू लावून टाकले होते.