वरून वाळलेला कडा
(सह्याद्रीचा कातळ – भाग ७)

लाव्हाचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचे कडे कसे उभे राहिले, ते गेल्या भागात पाहिलं. आता त्याच कड्यावर दोर लावून चढणाऱ्याचा प्रश्न घेऊ. तो ऐन हंगामातला आहे. पाऊस ओसरलाय, रतनवाडीच्या डोंगरांवरून कोसळणाऱ्या धारा बारीक झाल्यात, दुपारचं ऊन चटका देतंय. मग कडा चढाईला तयार झाला का?

याचं सर्वांत कडक उत्तर वाळवंटातले गिर्यारोहक देतात. अमेरिकेत लास व्हेगासजवळ रेड रॉक कॅन्यन आहे, यूटा राज्यात मोआब आहे. दोन्हीकडे वालुकाश्माचे उंच कडे. पाऊस तिथे कमीच, पण पडला की चढाई थांबते आणि निदान एक ते तीन दिवस कुणी शहाणा माणूस कड्याला हात लावत नाही. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण आणि त्यांना बांधून ठेवणारं काहीतरी: कुठे चिकणमाती, कुठे चुना, कुठे सिलिका. कणांमधल्या पोकळीत पाणी शिरलं की हे बांधकाम ढिलं पडतं. काही वालुकाश्मांची ताकद भिजल्यावर निम्म्यावर येते. वाळवंटातलं ऊन वरचा थर चटकन वाळवतं, आतली ओल मात्र तशीच राहते. माणूस कोरड्या दिसणाऱ्या कपारीवर भार टाकतो आणि कपारच हातात येते. जर्मनीत सॅक्सनीच्या सुळक्यांवर दगड ओला असताना चढायला नियमानेच मनाई आहे. आपली मंडळी हिवाळ्यात बदामीला जातात. तिथला दगड सिलिकाने घट्ट बांधलेला असल्याने टणक आहे, पण जात तीच.

अकोले तालुक्यात हा हिशेब जसाच्या तसा चालत नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, रतनगडचा खुटा, सांदण दरीच्या तोंडाशी दिसणारा बाण सुळका हा सगळा बेसॉल्ट. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून बनला. घट्ट काळ्या बेसॉल्टचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात. त्यात पोकळी फारशी नसते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. चार महिने भिजूनही हा दगड आतून मऊ पडत नाही. यावरून ‘बेसॉल्टला पावसाचं काही वाटत नाही’ असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते अर्धंच खरं वाटतं, आणि धोका उरलेल्या अर्ध्यात आहे.

कारण कडा म्हणजे एकसंध काळा पाषाण नव्हे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा झालेला, आणि त्या भोकांत पुढे पांढरी झिओलाइट खनिजं भरलेली. हा दगड लवकर कुजतो, भुगा होतो. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीसारखा पट्टा दिसतो. त्यात चिकणमाती भरपूर असते. ती पाणी पिऊन फुगते, वाळताना आक्रसते, आणि वरच्या दगडाचा आधार थोडा थोडा सुटत जातो. चढाईतल्या विश्रांतीच्या जागा, आडव्या ट्रॅव्हर्सच्या वाटा बहुतेक वेळा याच पट्ट्यांवर असतात, कारण दगड तिथेच झिजून पायरी झालेली असते. म्हणजे बिले देणारा, चढणाऱ्याचा दोर सांभाळणारा गडी जिथे निवांत उभा राहतो, नेमकी ती जागा पावसाळ्यानंतर सगळ्यात उशिरा भरवशाची होते.

भेगांचंही तसंच. लाव्हा थंड होताना पडलेल्या उभ्या भेगांतून पाणी झिरपत राहतं, माती धुऊन नेतं, आणि वर्षानुवर्षं अडकून बसलेला धोंडा मोकळा होतो. जुने प्रस्तरारोहक होल्ड धरण्याआधी त्यावर मूठ किंवा हातोडी आपटतात. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर हात काढून घ्यायचा. मेख ठोकतानाही तेच: आत जाताना तिचा सूर चढत गेला तर ती धरते. गवताचं काय सांगावं! ऑक्टोबरमध्ये ते पिवळं पडतं, वरून वाळलेलं दिसतं, मुळाशी मात्र ओल्या मातीचा गोळा असतो. दोन बोटं मातीवर उगवलेला तो झुबका माणसाचं वजन घेत नाही.

किती दिवस थांबायचं, याला म्हणूनच एक आकडा नाही. एकट्या अहिल्यानगर जिल्ह्यातच बघा. घाटघरला वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि पूर्वेला पर्जन्यछायेतल्या नगर शहरात पाच-सहाशे. घाटमाथ्यावर सप्टेंबरअखेर डोंगर तुडुंब भिजलेला असतो आणि वरच्या पठारावरचं पाणी पुढे कित्येक आठवडे कड्यातून पाझरतं. शिवाय कड्याचं तोंड कुठे आहे तेही बघावं लागतं. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्याला ऊन मिळतं दुपारनंतर. उत्तरेकडच्या भिंतींवर शेवाळ आणखी रेंगाळतं. परतीच्या पावसाची एखादी संध्याकाळची सर आली की बुळबुळीतपणा पुन्हा जिवंत होतो.

अलंग-मदन किल्ल्यांच्या वाटेवरच्या पायऱ्या इंग्रजांनी मराठेशाही बुडाल्यावर सुरुंग लावून तोडल्या, म्हणून तिथे आज दोर लावून कातळटप्पे चढावे लागतात. या टप्प्यांवर ऑक्टोबरपासूनच शनिवार-रविवारी रांगा लागतात. मोहिमेची तारीख महिनाभर आधी ठरते, पैसे भरलेले असतात, आणि कडा ओला दिसला तरी माघारी फिरायला कुणी तयार नसतं. नवख्यांना घेऊन जाणाऱ्यांनी हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर धरावा, असं माझं मत आहे. धंद्याचं थोडं नुकसान होईल, होऊ दे.

दोराकडेही लक्ष हवं. नायलॉनचा दोर भिजला की झटका सोसण्याची त्याची क्षमता बरीच घटते. नीट सावलीत वाळवला की ती बहुतांशी परत येते. ओल्या कपारीत घासलेला, चिखल माखलेला दोर तसाच गुंडाळून पिशवीत कोंबू नये. आणि वर बघायला विसरू नका. पाऊस संपला की आग्या मोहोळं कड्यांवर दिसू लागतात, त्यांच्यापुढे दगडाचं सगळं शास्त्र फुकट.

सांदण दरीचा नियम मात्र वेगळा आणि सोपा. साम्रदजवळची ही चिंचोळी घळ म्हणजे पाणी वाहून जायचीच वाट. तिथे दगड किती वाळला हे बघायचं नसतं, वरच्या डोंगरावर ढग आहेत का ते बघायचं असतं. यूटाच्या चिंचोळ्या घळींत माणसं वाहून गेली ती बहुधा कोसावर कुठेतरी पडलेल्या पावसाने, डोक्यावर आभाळ निळं असताना. साम्रदच्या वाटाड्याने ‘आज नको’ म्हटलं तर हुज्जत घालू नये.

पुढच्या भागात पारनेर तालुक्यात, निघोजला. तिथे कुकडी नदीने याच घट्ट बेसॉल्टला रांजणाएवढी भोकं पाडली आहेत, तीही नुसत्या गोट्यांच्या मदतीने.