टाटा २०७ आणि मालकाचा पाना

टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल नावाचा पिकअप बाजारात आणला. त्याच घराण्यातली पुढची २०७ डीआय बाजार समित्यांत, वीटभट्ट्यांवर, मंडपवाल्यांच्या दारात दिसू लागली आणि अजूनही दिसते. तिच्या इंजिनाच्या नावातच त्याचं माप आहे. ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १०० मिलिमीटर धरून गुणाकार केला, की २,९५६ सीसी हा आकडा कागदावर आपोआप निघतो. याच कुळातलं इंजिन ४०७ ट्रकलाही बसलं, त्यामुळे फिल्टर, गॅस्केट, वॉशर यांसाठी सहसा फार लांब जावं लागत नाही. अशा जुन्या गाडीची देखभाल मालकाने स्वतः का करावी, याचं नेहमीचं उत्तर ‘मजुरी वाचते’ हे असतं. मजुरी वाचते हे खरं, पण मला ते कारण दुय्यम वाटतं. ही गाडी आपला बिघाड लपवत नाही, आणि जो रोज तिच्या स्टीअरिंगवर बसतो त्याच्या कानाला तो सर्वांत आधी लागतो, हे त्याहून मोठं कारण आहे. मोठं काम मिस्त्रीने करावं, निदान मात्र मालकाला करता आलं पाहिजे.

हे शक्य होतं ते इंजिनाच्या साधेपणामुळे. इथे स्पार्क प्लग नाही. कॉम्प्रेशनने तापलेल्या हवेत यांत्रिक पंप ठरल्या वेळी डिझेल सोडतो आणि ते पेटतं. म्हणजे बिघाड शोधायच्या जागा मोजक्याच: हवा, डिझेल, कॉम्प्रेशन, वेळ. सकाळी गाडी सेल्फ खाऊनही उठत नाही, किंवा उठून लगेच बंद पडते, तेव्हा पहिला संशय लाइनीने एअर घेतल्याचा. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर दाबत राहायचं, फेस संपून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा, एवढं बहुतेक चालकांना येतं. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं तर पुन्हा एअर काढणं म्हणजे निदान नव्हे. टाकीपासून पंपाकडे येणाऱ्या नळीत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. तिथली चीर इंजिन चालू असताना थेंब टाकत नाही, हवा आत घेते. कोरडी दिसणारी नळी म्हणून निर्दोष ठरत नाही, आणि तांब्याचं जुनं वॉशर पुन्हा वापरणाऱ्याला हे हमखास भोवतं. धुराचंही तसंच. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरतंय. इंजिन थरथरत असेल तर आयडलिंगवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित ढिला करून पाहतात. ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. तेव्हा बोट त्या धारेसमोर न्यायचं नाही, कारण दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम दिसते त्याहून फार वाईट असते. कॉमन रेल इंजिनावर तर हा प्रयोग करूच नये, तिथला दाब कित्येक पट जास्त असतो.

निदान करता आलं तरी हात कुठे थांबवायचा, हे कळणं त्याहून अवघड. टॅपेट मालकाने लावावेत. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्याने चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, की पहिल्याचे टॅपेट मोकळे असतात. फीलर गेज तेव्हा घालायचा. पंप आणि नोझल मात्र उघडायचे नाहीत. पंपातला प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या अंशाएवढी. तिथे वंगण म्हणून दुसरं काही नाही, खुद्द डिझेलच. म्हणून ते काम टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याचं. मालकाचं काम त्या फटीपर्यंत पाणी आणि कचरा पोहोचू न देण्याचं: वेळेवर फिल्टर बदलणं, तळाशी साचलेलं पाणी सोडणं, टाकी रिकामी होईपर्यंत न चालवणं. हे बिनकौतुकाचं काम आहे आणि गाडीचं आयुष्य बहुतांशी तेच ठरवतं.

आपल्याकडची एक खोड इथे नोंदवायला हवी. गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरायचं. काटा खाली येतो, मालक खूश होतो. पण थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन कायम गार चालतं. गार इंजिन डिझेल जास्त पितं, नीट न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि लायनर झिजतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आत थर धरतात, आणि गाडी तापण्याचं मूळ कारण बहुधा तोच थर असतो. दुखणं वाढवणारा हा उपाय कित्येक गॅरेजांतही होतो. त्यामुळे ‘जाणकाराकडे सोपवा’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. जाणकार पुढच्या गाडीकडे वळतो, झिजलेला लायनर मालकाकडे राहतो.

यावर पहिली हरकत वेळेची. पहाटे मार्केटला माल पोचवणारा माणूस गाडीखाली कधी झोपणार? पण इथे सांगितलेली कामं तासांची नाहीत, मिनिटांची आहेत: ऑइलची काडी पाहणं, हवेचा फिल्टर झटकणं, ग्रीसगनने प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि कमानपाट्यांच्या पिना भरणं. घाटात क्रॉस तुटला तर जाणारा वेळ याच्या कितीतरी पट, आणि टोमॅटो तोवर थांबत नाहीत. दुसरी हरकत सुरक्षेची आणि ती रास्त आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, खाली घोडी आणि चाकाला ओट हवीच. ब्रेक बिघडल्याचं ओळखावं, व्हील सिलिंडर गळतोय का तेही पाहावं, पण दुरुस्ती शिकायला ब्रेक ही जागा नव्हे.

तिसरी हरकत सर्वांत जड आहे: धूर. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, जुन्या २०७ मध्ये तो नाही, आणि कितीही नेमाने टॅपेट लावले तरी नायट्रोजन ऑक्साइडचं गणित बदलत नाही. दाट वस्तीच्या शहरातून या गाड्या हटाव्यात, हे मला मान्य आहे. पण रस्त्यावर जो काळा लोट दिसतो त्याचं खापर सगळं वयावर फोडता येणार नाही. चोंदलेला हवा-फिल्टर, टपकणारं नोझल, पासिंगपेक्षा जास्त भरलेला माल आणि ओढ वाढवण्यासाठी सील तोडून फिरवलेला पंपाचा स्क्रू, यांतलं प्रत्येक कारण माणसाने केलेलं आहे. नीट राखलेली जुनी गाडी आणि दुर्लक्षिलेली जुनी गाडी यांच्या धुरात डोळ्यांना दिसेल एवढा फरक असतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने रंग आणि टायर पाहण्याआधी पंपावरचं ते सील शाबूत आहे का, हे पाहावं.