उशिरा उमटणारा ठिपका

पहिल्या दिवशीचा एमआरआय नॉर्मल आला म्हणजे मेंदूला काही झालंच नव्हतं, हे गणित एका आजारात हमखास चुकतं. साठीच्या आसपासचा धडधाकट माणूस अचानक विचारू लागतो, "आज वार कोणता? आपण इथे कशाला आलोय?" उत्तर दिलं की समजल्यासारखी मान हलवतो आणि दोन मिनिटांनी तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारतो. स्वतःचं नाव, बायको, मुलं सगळं ओळखतो. बोलणं अडखळत नाही, हातापायांत ताकद असते. नवी आठवण तेवढी बसत नाही. बहुधा चार-सहा तासांत, फार तर चोवीस तासांत सगळं ताळ्यावर येतं आणि मधला काळ मात्र कायमचा कोरा राहतो. फिशर आणि अॅडम्स या अमेरिकेत काम करणाऱ्या डॉक्टरांनी 1964 सालच्या लेखात याला 'ट्रान्झियंट ग्लोबल अॅम्नेशिया' म्हटलं. डॉक्टर मंडळी थोडक्यात टीजीए म्हणतात. घरात मात्र कुणी लकव्याची सुरुवात समजतं, कुणी बाहेरची बाधा, आणि रिपोर्ट नॉर्मल आला की कुणी सरळ 'नाटक' म्हणून मोकळं होतं.

या शेवटच्या आरोपाला उत्तर आहे ते स्कॅनमध्येच. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये टीजीएचं काही दिसत नाही. एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाची एक पद्धत असते. पेशींच्या आसपास पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात ते ती टिपते. हालचाल अडली की तिथे पांढरा ठिपका दिसतो. टीजीएत हा ठिपका हिप्पोकॅम्पस या, आठवणी साठवायला लागणाऱ्या भागात येतो आणि जेमतेम 1 ते 3 मिलिमीटरचा असतो. 2004 साली जर्मनीत 31 रुग्णांचे ठरावीक अंतराने स्कॅन काढले गेले. झटका चालू असताना किंवा नुकता ओसरला असताना फक्त दोघांत ठिपका दिसला. 48 तासांनी तो 26 जणांत होता. दोनेक आठवड्यांत तो बहुधा पुसला जातो. म्हणजे लक्षणं असतात तेव्हा चित्र कोरं आणि माणूस बरा होऊन घरी गेल्यावर खूण हजर, असा हा उलटा कारभार.

यावर पहिली शंका रास्त आहे: असाच ठिपका पक्षाघातातही दिसतो, मग हा छोटा पक्षाघातच कशावरून नाही? तसं असतं तर या रुग्णांना पुढे पक्षाघाताचे झटके जास्त यायला हवे होते. पाठपुराव्यात तसं ठळकपणे आढळलेलं नाही. थंड पाण्यात उतरणं, जोराचे श्रम, तीव्र भावनिक धक्का अशा निमित्तांनंतर हा प्रकार पुष्कळदा सुरू होतो. हिप्पोकॅम्पसच्या सीए-1 पट्ट्यातल्या पेशी ताणाला फार नाजूक असतात, हा दुवा इथे जास्त पटतो. पक्कं कारण अजून हाती लागलेलं नाही, हेही खरं.

दुसरी शंका भुसावळसारख्या गावातून येणारच. आपोआप बरं होणार असेल तर जळगावची धावपळ आणि मशीनचा खर्च कशाला? कारण घरबसल्या हे ओळखता येत नाही. पक्षाघात, फिट, डोक्याला मार, उतरलेली साखर, आणि पारा पंचेचाळिशी गाठतो त्या मे महिन्यात उष्माघात, हे सगळे गोंधळलेल्या माणसाच्या रूपातच दारात येतात. उष्माघातात शुद्ध मंदावते, टीजीएत माणूस लख्ख जागा असतो. पण हा फरक डॉक्टरने पाहायचा. पहिल्या तासांतला स्कॅन पक्षाघात हुकू नये म्हणून असतो, ठिपका शोधण्यासाठी नाही. त्यात चालढकल नको. दुर्मिळ म्हणून सोडून द्यावा असाही हा आजार नाही. इतर देशांतल्या पाहणीत वर्षाला लाखामागे 3 ते 8 रुग्ण सापडतात. 2011च्या जनगणनेत भुसावळची लोकसंख्या 1 लाख 87 हजार होती. तोच दर इथे धरला तर एकट्या शहरात वर्षाला साधारण सहा ते पंधरा. आपल्याकडे तरुणांचं प्रमाण जास्त, तेव्हा आकडा थोडा खाली धरावा.

ठिपका शोधण्यासाठीचा दुसरा एमआरआय मात्र सगळ्यांना लागत नाही. झटका डोळ्यांनी पाहणारं कुणी असेल आणि तपासणीत दुसरं काही निघालं नसेल, तर निदान त्या सांगण्यावरच होतं; 1990 सालचे निकषही साक्षीदार मागतात. मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ इथे महागड्या फिल्मपेक्षा कामाचा. माणूस एकटाच सापडला असेल किंवा हकिकत तुटक असेल, तेव्हा दोन-तीन दिवसांनंतरच्या स्कॅनला किंमत येते. तीही मागणी नीट केली तर. पाच मिलिमीटरच्या जाड कापांत दोन मिलिमीटरचा ठिपका सहज निसटतो. म्हणून चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' न लिहिता त्रास कधी सुरू झाला ती वेळ, टीजीएची शंका आणि हिप्पोकॅम्पसचे बारीक काप हवेत हे डॉक्टरांनी लिहिलेलं बरं.