उष्मांकांचा हिशेब : एक चुकलेले गणित

गेल्या वर्षी डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल देवगिरी किल्ल्यावर गेली होती. किल्ल्यावरील प्रसिद्ध ‘अंधारी’त शिरण्यापूर्वीच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवरच बसकण मारली. मैत्रिणींनी पाणी मारले, कोणी गूळ-शेंगदाणे तोंडात कोंबले. संध्याकाळी शहरात परतल्यावर डॉक्टरांनी विचारले, “सकाळपासून काय खाल्लेस?” मी म्हटले, “एक सफरचंद.” हिमोग्लोबिन साडेनऊ भरले, ते बारा तरी हवे असते. डॉक्टर म्हणाले, “हा उपास कोणत्या देवाचा?”

देवाचा नव्हता. फेब्रुवारीत मावसबहिणीचे लग्न होते आणि दोन महिन्यांत दहा किलो वजन उतरविण्याचा मी पण केला होता. माझी उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. म्हणजे वजन जास्त होते हे खरेच. मोबाइलवरील ॲपने १२०० उष्मांकांचे लक्ष्य दिले, तेही मला जास्त वाटले. मी १००० ठरविले, आणि पुष्कळदा तेवढेही खाल्ले नाही. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असूनही एक साधे गणित मी मांडून पाहिले नाही, याची आज लाज वाटते. ते येथे मांडते. माझ्यासारखे हिशेबी वेडे या महाविद्यालयात आणखीही असतील!

उष्मांक म्हणजे कॅलरी. आहारशास्त्रातील कॅलरी ही वस्तुतः किलोकॅलरी असते: एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता. पिष्ट आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून ९. शरीरातील एक किलो चरबी जाळावयाची तर सुमारे ७७०० उष्मांकांची तूट पडावी लागते, असा ठोकळ हिशेब आहे. दहा किलोंना ७७,०००. साठ दिवसांनी भागा: रोज १२८३.

आता रोजचा खर्च पाहू. स्वस्थ पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत यांना जो लागतो तो मूलभूत खर्च. अमेरिकेत मिफ्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दिलेले सूत्र असे: वजनाच्या किलोंना १० ने गुणावे, उंचीच्या सेंटिमीटरांना ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे, वयाची पाचपट वजा करावी. मग पुरुषांनी ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत. वीस वर्षांच्या मला हे १३८७ येतात. बैठ्या माणसाने याला १.२ ने गुणावे, थोडीफार हालचाल करणाऱ्याने १.३७५ ने. पहिल्याने १६६४, दुसऱ्याने १९०६.

१६६४ मधून १२८३ वजा केले की उरतात ३८१. म्हणजे दिवसाला दीड भाकरी. वर तेलाचा थेंब नाही! असे उत्तर आल्यावर प्रश्नच चुकला आहे, हे शाळकरी पोरालाही कळले असते. मी उत्तर काढलेच नव्हते.

या दोन आकड्यांत २४२ उष्मांकांचे अंतर आहे. सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण तेवढीच. मी वसतिगृहातून महाविद्यालयात चालत येते आणि दिवसभर बाकावर बसते. मी बैठी की हालती? सूत्र काही सांगत नाही. भर म्हणून असे की, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९० च्या शिफारशींत भारतीयांचा मूलभूत खर्च जागतिक सूत्रांपेक्षा ५ टक्के कमी धरला होता. २०२० च्या शिफारशींत ५५ किलो वजनाच्या बैठ्या स्त्रीची सरासरी गरज १६६० आणि कष्टाची कामे करणारीची २७२० दिली आहे. मिळून काय, सूत्राचा आकडा हा एक अंदाज आहे.

येथे मला आमच्या अभ्यासक्रमातील एक जुना वाद आठवला. १९७१ साली पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ या ग्रंथात दारिद्र्याची रेषा आखली ती माणशी रोजच्या २२५० उष्मांकांवर. तेवढे अन्न परवडेल इतका ज्यांचा खर्च नाही, ते गरीब. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. त्यांचे म्हणणे असे की, सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज नव्हे. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या दोन माणसांची गरज वेगळी असते; इतकेच नव्हे, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि काही मर्यादेत शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हते. शरीर जुळवून घेते ते काय गमावून, हा प्रश्न सुखात्म्यांच्या टीकाकारांनी विचारला: काम कमी होते, वाढ खुंटते, त्याचे काय?

परीक्षेसाठी मी हा वाद दहा गुणांपुरता पाठ केला होता. तो माझ्याच शरीराविषयी आहे, हे अशक्तपणाने अंथरुणावर पडल्यावर उमगले. पहिल्या आठवड्यात माझे दोन किलो उतरले तेव्हा मी मैत्रिणींना वडापाव दिला (स्वतः खाल्ला नाही). ते बहुतांशी पाणी होते. शरीरात साठविलेल्या पिष्टाबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट पाणी असते आणि खाणे तुटले की पहिल्यांदा तेच जाते. पुढे काटा हलेना. शरीराने जुळवून घेतले होते: मी जिना टाळू लागले, तासाला पेंगू लागले, हात थंड पडू लागले, केस गळू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने सुमारे १५७० उष्मांकांवर ठेवले होते. त्यांचे वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने घटले. पण ते चिडचिडे झाले आणि दिवसभर अन्नाचाच विचार करीत पाककृतींची पुस्तके चाळू लागले. मीही रात्री अंथरुणात नान-खलियाचे व्हिडिओ पाहत असे.

आणि जाते ती केवळ चरबी नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२. आपल्याकडे मुळात स्नायू कमी, चरबी जास्त. उपासमारीने त्यातले स्नायूही झिजले तर काट्याला आनंद होईल, शरीराला नव्हे.

सुट्टीत पैठण तालुक्यातल्या गावी गेले. आजीने माझी उष्मांकांची वही उलटीपालटी करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. खडी फोडायला जात असे. कामावर सुकडी मिळे, घरी मिलोची लाल भाकरी. मी तिला समजावले, की या वहीत आपण किती खाल्ले ते लिहितात. ती म्हणाली, “आमालाबी लिहून ठेवायचे गं, पण हजेरी. किती खाल्लं ते कुणी इचारलं न्हाई.” मग तिने दोन भाकऱ्या वाढल्या. मी दोन्ही खाल्ल्या आणि वहीत लिहिल्या.

तेव्हापासून उलट्या बाजूने सुरुवात केली. तीन आठवडे नेहमीसारखे जेवले, फक्त लिहीत गेले. भाकरीचे पीठ आणि शेंगदाणे छोट्या काट्यावर तोलले. मेसमध्ये परतल्यावर वाटी-चमच्यांनी अंदाज केला. आठवड्यातून तीनदा, सकाळी उठल्याबरोबर वजन करून सरासरी काढली. (मुलींनी मासिक पाळीच्या सुमारास वाढणारे पाण्याचे वजन मनावर घेऊ नये, या महिन्याची तुलना मागील महिन्याच्या त्याच दिवसांशी करावी.) वजन स्थिर राहिले आणि वहीतली सरासरी आली १७५०. हा माझा खर्च. सरासरी भारतीय स्त्रीचा नव्हे, माझा. लिहिताना माणूस कमीच लिहितो, हे मला माहीत आहे. मेसच्या भाजीवरची तर्री कोण मोजणार? खरा आकडा १९०० असेलही. पण पुढेही मी तेवढीच चूक करणार असल्याने वजाबाकी बिघडत नाही.

१७५० मधून ३५० वजा केले: लक्ष्य १४००. ते ३५० कोठून काढले ते सांगते, कारण सगळे येथेच अडते. दोन कप चहातली साखर सोडली, सुमारे ८०. संध्याकाळी औरंगपुऱ्यातून येणारी मूठभर शेव सोडली, सुमारे १६०. भाजीवरचे तेल निथळून घेतले, एक मोठा चमचा, १२०. भाकरीला हात लावला नाही. उलट वरण, दही, अंडी थोडी वाढविली, आणि रक्तासाठी डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या.

कागदावर पाच महिन्यांत पावणेसात किलो उतरावयास हवे होते, उतरले साडेचार. वजन घटते तसा खर्चही घटतो, म्हणून ७७०० चा हिशेब दूरवर नेल्यास तो फसवितो. दर महिन्याला वही पाहून लक्ष्य हलविले. मध्ये परीक्षेच्या काळात तीन आठवडे कपात थांबविलीही.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, अठराच्या आतल्यांनी आणि ज्यांचे वजन आधीच कमी आहे अशांनी हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. मावसबहिणीच्या लग्नात मी ६४ किलोंची होते. पोलका शिंप्याकडून थोडा सैल करून घेतला आणि पंगतीत जिलबीही खाल्ली; वहीत ‘जिलबी, दोन’ असे लिहिले आहे, प्रत्यक्षात तीन होत्या.