विद्यापीठातील गणितविभाग आणि तरुण विद्यार्थी

रसायनशास्त्राच्या अथवा पदार्थविज्ञानाच्या विभागात पाऊल टाकले म्हणजे तेथील उपकरणांवरूनच आत काय चालले असावे याची थोडीफार कल्पना येते. गणितविभागाचे तसे नाही. फळा, खडू, ग्रंथांची कपाटे आणि दाराजवळचा सूचनाफलक, एवढीच काय ती त्याची दृश्य सामग्री. त्यामुळे हा विभाग केवळ पदवीपरीक्षांची तयारी करून घेण्यासाठी आहे, असा समज सहज होतो.

वस्तुतः अशा विभागाची कार्ये तीन आहेत. पहिले अध्यापन, दुसरे संशोधन आणि तिसरे म्हणजे न सुटलेला प्रश्न, जाणता मार्गदर्शक व निर्वाहाचे साधन यांची वार्ता योग्य विद्यार्थ्यापर्यंत वेळेवर पोचविणे. या तिसऱ्या कार्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु ते नीट पार पडले नाही, तर पहिल्या दोहोंचे फळ पुष्कळदा वाया जाते.

गणितात नवे ते काय शोधावयाचे?

गणितातील सारे काही पूर्वीच सिद्ध झाले आहे, मग संशोधनाला जागा कोठे, अशी शंका पुष्कळांना येते. एका साध्या उदाहरणाने तिचे निरसन होईल. ४ ही संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपाने किती प्रकारांनी मांडता येते? ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१, असे पाच प्रकार मिळतात. यांना ४ ची विभाजने म्हणतात. अशा रीतीने ९ ची विभाजने ३०, १४ ची १३५ आणि १९ ची ४९० होतात. या चारही उत्तरांना ५ ने निःशेष भाग जातो, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. ज्या संख्येच्या शेवटी ४ किंवा ९ हा अंक असतो, तिच्या विभाजनांच्या संख्येला ५ ने निःशेष भाग जातो, हा नियम श्रीनिवास रामानुजन यांनी शोधला आणि १९१९ साली त्याची सिद्धता प्रसिद्ध केली.

नियम सिद्ध झाला, तरी त्याचे मर्म उलगडले नव्हते. पाचाने भाग जातो, तर या विभाजनांचे पाच समान गट पाडण्याची काही सोपी रीत असावयास हवी. ती १९४४ साली फ्रीमन डायसन या विशीतील तरुणाने सुचविली. विभाजनातील सर्वांत मोठ्या पदातून पदांची संख्या वजा करावी. येणाऱ्या संख्येला आपण विभाजनाचा 'दर्जा' म्हणू. ४ च्या पाच विभाजनांचे दर्जे अनुक्रमे ३, १, ०, −१ आणि −३ येतात. त्यांना ५ ने भागले असता ३, १, ०, ४ आणि २ अशा बाक्या उरतात. म्हणजे प्रत्येक बाकी नेमकी एकदाच येते! ९ च्या तीस विभाजनांतही प्रत्येक बाकी सहा सहा वेळा येते. हे सर्वत्र घडते याची सिद्धता ॲटकिन आणि स्विनर्टन-डायर यांनी १९५४ साली दिली. ११ या भाजकाच्या बाबतीत मात्र हा दर्जा अपुरा पडतो. तेथे दुसरी एखादी गणना असलीच पाहिजे, असे डायसनने सांगून ठेवले होते; ती अँड्र्यूज आणि गार्व्हन यांनी १९८८ साली शोधून काढली.

डायसनचा तो लेख कोणत्याही भारदस्त संशोधनपत्रिकेत आला नव्हता. केंब्रिजच्या गणिताच्या विद्यार्थ्यांच्या 'युरेका' या नियतकालिकात तो छापला गेला होता. विद्यार्थ्यांमध्ये फिरणारी गणिताची वार्ता किती दूर जाऊ शकते, याचा हा चांगला दाखला होय.

वार्ता पोचली म्हणजे काय होते

या प्रश्नाचे मूळ ज्यांच्यापाशी जाते, त्या रामानुजनांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गणिताखेरीज इतर विषयांत अनुत्तीर्ण झाल्यामुळे त्यांची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती गेली आणि पदवीही हाती आली नाही. त्यांना पुढचा मार्ग दाखविला तो भारतीय गणित परिषदेच्या मंडळींनी. परदेशी गणितपत्रिका महाग पडतात, तेव्हा त्या वर्गणी काढून मागवाव्यात आणि टपालाने सभासदांत फिरवाव्यात, या हेतूने डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी १९०७ साली ही संस्था स्थापिली. तिचे ग्रंथालय प्रारंभी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. रामानुजन रामस्वामी अय्यरांना जाऊन भेटले. त्यांनी त्यांना मद्रासच्या परिचितांकडे पाठविले आणि १९११ साली परिषदेच्या पत्रिकेत रामानुजनांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

१९१२ साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. त्याच वर्षी वेधशाळा खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्यांचे काम पाहून मद्रास विद्यापीठाला शिफारसपत्र धाडले. अडचण नियमाची होती. संशोधन-शिष्यवृत्ती उच्च पदवीधरांसाठी होती आणि रामानुजनांजवळ साधी पदवीही नव्हती. तरीही विद्यापीठाने मार्ग काढला व त्यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी दिली. अट एकच होती: दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यावयाचा. असे तीन अहवाल देऊन मार्च १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

येथे प्रतिभा रामानुजनांचीच होती, हे उघड आहे. परंतु एक परिचयपत्र, एक पत्रिका, एक शिफारस आणि एक शिष्यवृत्ती यांपैकी एखादा दुवा जरी तुटता, तरी ती प्रतिभा जगापुढे आली असती की नाही, हे सांगणे कठीण आहे.

असाच दुवा पुढे मद्रासच्या लॉयोला महाविद्यालयातील फ्रेंच प्राध्यापक फादर रासीन हे झाले. फ्रान्समधील नव्या गणिताची वार्ता ते विद्यार्थ्यांना देत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वाट दाखवीत. त्यांचे विद्यार्थी एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री १९५३ साली त्या संस्थेत आले. १९६५ साली प्रसिद्ध झालेला त्या दोघांचा सिद्धांत आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आज उपलब्ध असलेल्या संधी

आज हे दुवे कोणा एकाच्या औदार्यावर अवलंबून नाहीत. अणुऊर्जा विभागाने १९८३ साली स्थापिलेले राष्ट्रीय उच्च गणित मंडळ पदव्युत्तर व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना परीक्षा घेऊन शिष्यवृत्त्या देते, तसेच ग्रंथालयांना साहाय्य करते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत 'गणितीय विज्ञाने' हा विषय असून तीत यशस्वी होणाऱ्यांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळू शकते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत भरणारा गणित प्रशिक्षण व प्रतिभाशोध कार्यक्रम १९९३ साली सुरू झाला. त्यात व्याख्याने नुसती उतरून घ्यावयाची नसतात. प्रश्न विचारीत, चुकत, पुन्हा विचार करीत सिद्धता आपणच घडवावयाची असते. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाशी निगडित असलेली 'माधव गणित स्पर्धा' याच वर्गासाठी आहे.

तथापि संधी असणे आणि ती ठाऊक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोठ्या शहरातील विद्यार्थ्याच्या कानी ही वार्ता सहाध्यायांच्या बोलण्यातून पडते. तालुक्याच्या गावी, जेथे गणित घेणारे विद्यार्थीच मोजके असतात, तेथे ती बहुधा अर्जाची मुदत टळल्यावर पोचते. अशा विद्यार्थ्याचे एक वर्ष जाते. आणि घरची परिस्थिती बेताची असल्यास एक वर्ष जाणे म्हणजे पुष्कळदा विषयच सुटणे होय.

म्हणून विद्यार्थ्याने पुढील गोष्टी अवश्य कराव्यात. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच नजीकच्या विद्यापीठाच्या गणितविभागाशी संबंध ठेवावा. तेथील जाहीर व्याख्यानांस जावे. सर्व कळले नाही तरी एक प्रश्न टिपून घरी आणावा. शिफारसपत्र कोणाकडून मिळेल याचा विचार आधी करावा, कारण आपले काम ज्याने पाहिले आहे तोच आपल्याविषयी खात्रीने लिहू शकतो. अर्जांच्या मुदतींची टाचणवही ठेवावी.

शिक्षकांचे कर्तव्य याहून मोठे आहे. आलेले परिपत्रक फलकावर लावले म्हणजे ते संपले, असे नव्हे. ज्या विद्यार्थ्याच्या वहीत पुस्तकाबाहेरचा एखादा प्रश्न दिसला, त्याला जवळ बोलावून ते परिपत्रक त्याच्या हाती दिले पाहिजे आणि अर्ज भरला की नाही, हे आठवड्याने पुन्हा विचारले पाहिजे. याला खर्च येत नाही. गणितविभागाला महागडी यंत्रे लागत नाहीत, हे तर त्याचे भाग्यच. पण म्हणूनच त्याची खरी संपत्ती असलेला विद्यार्थी वार्तेअभावी हातचा जाऊ देणे त्याला परवडणारे नाही.