कवडी कुठे महाग, कुठे कवडीमोल

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी भर हंगामात आवक वाढून भाव कोसळला की बागायतदार म्हणतो, माल कवडीमोल गेला. चिनी लिपीत मात्र ‘महाग’ लिहायचं तर अक्षराच्या तळाशी चक्क कवडी काढावी लागते. विकत घेणं, विकणं, संपत्ती, हाव, जुगार या सगळ्यांच्या पारंपरिक अक्षरांतही ती आहेच. शिंपला एकच, मग मान इतका वेगळा का?

आधी प्राणी पाहू. ही कवडी म्हणजे उथळ, प्रवाळाच्या समुद्रातली एक गोगलगाय. निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ साली तिला ‘मोनेटा’ म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नाणं. जिवंतपणी तिचं मऊ आवरण शिंपल्यावर बाहेरून पसरतं आणि चुन्याचे थर चढवत राहतं, म्हणून तिला पॉलिश करावं लागत नाही. वयात आली की शिंपल्याची कड आत वळते, तिला दात फुटतात आणि लांबी वाढायची थांबते. पुढे फक्त जाडी वाढते. त्यामुळे बहुतेक कवड्या दोन-तीन सेंटिमीटरच्याच भरतात: न झिजणाऱ्या, मोजायला सोप्या, नक्कल करायला अवघड. टांकसाळीला आणखी काय हवं असतं?

डहाणूच्या गढूळ समुद्रात प्रवाळाची बेटं नाहीत. चलनी कवडीची खाण होती मालदीव. तिथे नारळाच्या झावळ्या पाण्यात तरंगत ठेवत, कवड्या त्यांना चिकटत. मग त्या वाळूत पुरून मांस कुजवायचं आणि शिंपले धुऊन घ्यायचे. चौदाव्या शतकात तिथे राहिलेला प्रवासी इब्न बतूता लिहितो, की बंगालचे लोक तांदूळ देऊन कवड्या नेत. पुरवठा असा जहाजांनी होणार म्हटल्यावर ती सुट्ट्या पैशांच्या तळाला जाणारच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) हिशेब आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. एका द्रम्माला १,२८० कवड्या!

चीनमधलं आन्यांग समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथे १९७६ साली राणी फू हाओची सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची कबर उघडली. तिच्यासोबत साडेसहा हजारांहून जास्त कवड्या पुरल्या होत्या. त्या काळी राजा खूश झाला की कवड्यांच्या माळा बक्षीस देई. ब्राँझच्या भांड्यांवर तशा नोंदी कोरलेल्या आहेत. ते बाजारातलं चलन होतं की मानाची भेट, यावर अभ्यासक अजून भांडतात. लिपी घडत होती तेव्हा कवडी दुर्मीळ होती, एवढं मात्र अक्षरांवरून दिसतं.

गंमत अशी, की खुद्द ‘पैसा’ या अक्षरात कवडी नाही. तिथे धातूची खूण आहे, कारण तो शब्द मुळात माती उकरायच्या अवजाराचा. चीनची काही जुनी ब्राँझची नाणी फावड्याच्या आकाराची होती. उत्तरेकडची मंडारिन त्याला ‘छ्येन’ म्हणते, हाँगकाँगची कँटोनीज ‘छिन’. बाजारात किंमत विचारताना कँटोनीज माणूस हा ‘छिन’ चढत्या सुरात म्हणतो, जोडशब्दात मात्र सूर खाली येतो. डॉलरला तिथे ‘मन्’ म्हणतात. हा शब्द जुन्या तांब्याच्या नाण्याच्या नावावरून आला, पण सूर बदलल्यामुळे तो आता डासाच्या अक्षराने लिहितात. घेणं आणि विकणं, दोन्हींना ‘माय’. फरक फक्त सुराचा. परक्याने बेतानेच घासाघीस करावी.

चीनने १९५६पासून लिपी सोपी केली, तेव्हा या दोन्ही ‘माय’मधली कवडी गळाली. हाँगकाँगच्या दुकानांच्या पाट्यांवर ती अजून आहे.