गाडीचा गिअर केव्हा बदलावा?

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाच्या नोंदी, लागणीची पाहणी, खोडव्याची तपासणी या कामांसाठी आम्ही ऊस विकास विभागाची माणसे दिवसभर मोटारसायकलवर असतो. आपलेही तसेच आहे. मळ्यात जाणे, दूध घालणे, खताचे पोते आणणे, सगळे गाडीवरच. मात्र रस्त्याने कानावर येणाऱ्या आवाजावरून असे दिसते की, पुष्कळ मंडळी गिअर अंदाजपंचे टाकतात. कोणी पहिल्या गिअरातच गाडी किंचाळेपर्यंत नेतो, तर कोणी गल्लीच्या तोंडाशीच चौथा टाकून मोकळा होतो. म्हणून या अंकात उसाऐवजी गाडीविषयी थोडे सांगतो.

इंजिनाची ताकद सर्व फेऱ्यांना सारखी नसते. आपल्याकडे घरोघरी असलेली स्प्लेंडर घ्या. ९७ सी.सी.चे हे इंजिन सर्वांत जास्त ओढ देते ते मिनिटाला ६००० फेऱ्यांना, आणि त्याची पूर्ण सुमारे ८ अश्वशक्ती मिळते ती ८००० फेऱ्यांना. साडेतीनशे सी.सी.ची बुलेट मात्र ४००० फेऱ्यांनाच पूर्ण ओढ देते. म्हणून बुलेटवाल्याचे पाहून लहान गाडीवाल्याने फार लवकर गिअर टाकू नये. दोन्ही जनावरांची चाल वेगळी.

गिअरचे काम एवढेच की, चाकाचा वेग काहीही असो, इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांत ठेवायचे. खालचा गिअर म्हणजे वेग कमी पण ओढ जास्त. १०० सी.सी.च्या गाडीत चौथ्यापेक्षा दुसऱ्या गिअरात चाकाला जवळपास पावणेदोन पट ओढ मिळते, पहिल्यात तिपटीहून जास्त. ट्रॅक्टरने नांगरताना आपण रस्त्याचा गिअर टाकत नाही, ते याचसाठी.

सपाट रस्ता, एकटा माणूस, १०० सी.सी.ची चार गिअरची गाडी, यासाठी साधारण हिशेब येणेप्रमाणे:

पहिल्यातून दुसऱ्यात : १२ ते १५ कि.मी. वेगाला
दुसऱ्यातून तिसऱ्यात : २५ च्या सुमारास
तिसऱ्यातून चौथ्यात : ३५ च्या सुमारास

या वेगांना इंजिन ५००० फेऱ्यांच्या आसपास असते आणि पुढचा गिअर पडल्यावर ३००० ते ४००० वर येते. म्हणजे गाडी दमतही नाही आणि उगाच पेट्रोलही जाळत नाही. चौथ्यात ४० च्या वेगाला साधारण साडेचार हजार फेरे पडतात. रोजच्या जाण्यायेण्याला हा वेग बेताचा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत आकडे दिले असतील, तर तेच प्रमाण मानावेत.

"वरचा गिअर म्हणजे पेट्रोलची बचत" हे निम्मेच खरे आहे. सपाटीला, हलक्या ओझ्याला ते खरे. पण मागे माणूस, मध्ये पोते आणि समोर चढ असताना चौथ्यातच मूठ पिळत राहिलात, तर इंजिन धडधडते, ठोके देते, साखळीला हिसके बसतात. दट्ट्यावर दाब मोठा आणि फेरे मात्र कमी, अशाने आतील भागांची झीज होते. मूठ पिळूनही वेग वाढत नसेल, तर गाडी खालचा गिअर मागते आहे असे समजावे. चढाला गाडी अडखळण्याची वाट पाहू नये, चढ लागतानाच गिअर खाली घ्यावा. ओझे असेल तेव्हा वर दिलेल्या वेगांपेक्षा चार-पाच कि.मी. उशिरा गिअर बदलावा. क्लच अर्धवट दाबून चढ काढणे तर मुळीच नको, क्लच प्लेटा जळतात.

आता महत्त्वाचे. गळिताच्या हंगामात रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः अशा एका ट्रॅक्टरच्या मागे वीस-पंचवीसच्या वेगाने चौथ्या गिअरात चाललो होतो. रस्ता मोकळा दिसला म्हणून बाहेर निघालो आणि मूठ पूर्ण पिळली. गाडी नुसती गुरगुरली. दुसऱ्या ट्रेलरपाशीच होतो तोवर समोरून ट्रक आला. ब्रेक मारून परत मागे दडलो म्हणून वाचलो. चूक सर्वस्वी आमची होती. त्या वेगाला चौथ्यात फेरे जेमतेम अडीच हजार, तिथे इंजिनात जोर कोठून येणार?

तेव्हा पुढे जायचे असेल, तर ट्रॅक्टरच्या मागे असतानाच, बाहेर निघण्यापूर्वी, दुसरा गिअर टाकावा. पंचवीसच्या वेगाला दुसऱ्यात सुमारे ५००० फेरे असतात, गाडी ताबडतोब उचल घेते. पस्तीसपर्यंत दुसऱ्यात न्यावी, मग तिसरा. ट्रेलरच्या बरोबरीला असताना गिअर शोधत बसू नये. समोरचा रस्ता पूर्ण दिसत नसेल, तर कोणताच गिअर उपयोगाचा नाही, मागेच थांबावे.

उतारालाही गाडी न्यूट्रल करू नये. जो गिअर चढाला लागला असता तोच उताराला ठेवावा. इंजिन गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. नव्या, इंधन फवारणीच्या गाड्यांत मूठ सोडून गिअरमध्ये उतरताना पेट्रोल बहुतेक बंदच होते, त्यामुळे न्यूट्रलने बचत होते हा समजही टिकत नाही. गिअर खाली घेताना मात्र एकेक घ्यावा. भर वेगात एकदम पहिला पडला, तर मागचे चाक घसरते.

एवढे करून पाहावे. आठ दिवस कान इंजिनाकडे ठेवलात, की काट्याकडे पाहण्याची गरज राहणार नाही. उसाचे पान पाहून पाण्याची वेळ आपण ओळखतोच, तसेच हे आहे. मुले नव्याने गाडी शिकत असतील, तर त्यांनाही हे सांगावे, आणि हेल्मेट घालूनच त्यांना रस्त्यावर पाठवावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी